घरच्या दुधासाठी कोणती शेळी घ्यावी?

वाचकांचे प्रश्न आणि सिन्नरच्या शेळीपालक ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी आणि माझे मिस्टर नोकरीतून मोकळे झालो आणि मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, वीस गुंठ्यांत घर बांधून राहतोय. विहिरीला बारमाही पाणी आहे. घरात सासूबाई धरून तीन माणसं, सुट्टीत नातवंडं येतात. रोज लिटर-दीड लिटर घरचं दूध असावं एवढीच इच्छा आहे. गाय आम्हाला झेपणार नाही, म्हणून शेळी. एक व्यापारी सानेन देतो म्हणतोय, ‘रोज पाच लिटर’ असं सांगतोय. ओळखीचे एकजण जमुनापारीच घ्या म्हणतात. शेजारचे म्हणतात, उस्मानाबादीशिवाय दुसरं काही घेऊच नका. कुणाचं ऐकू? — एक वाचक, मुळशी

उत्तर : शेजाऱ्यांचं निम्मं ऐका. तुमच्या भागात काय टिकतं हे त्यांना व्यापाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं. पण उस्मानाबादी ही मुळात मटणाची आणि जुळ्या करडांची शेळी. धाराशिव, लातूर, सोलापूरकडच्या कोरड्या माळावर हिंडून पोट भरणारी, काटक, आजारपण कमी. बोकड विकून संसाराला हातभार लावायचा असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. दूध मात्र करडं पाजून अर्धा-पाऊण लिटर उरलं तरी खूप, आणि तेही चार महिन्यांच्या आसपास. तुम्हाला बोकड विकायचे नाहीत, दूध हवंय. त्यामुळे तिचा मोठा गुण तुमच्या घरी वायाच जाईल.

जमुनापारी देखणी असते यात वाद नाही. लांब लोंबते कान, बाकदार नाक, उंचीपुरी. दूधही दीड-दोन लिटर देणारी. पण ती मूळची उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यातली, चकरनगरच्या बाजूची. यमुना-चंबळच्या काठच्या दऱ्याखोऱ्यांत मागच्या पायांवर उभं राहून बाभळी-बोरीचा पाला ओरबाडायची तिची सवय. तिला गोठ्यात कोंडलं, खाली ओल आणि वर चार महिने पाऊस असला, की ती खंगते. सर्दी, खोकला, मग न्युमोनिया. मुळशीत मी तिला नेणार नाही. ज्यांच्याकडे कोरडं हवामान आणि चरायला झुडपी रान आहे त्यांनी जरूर ठेवावी.

आता सानेन. ही स्वित्झर्लंडच्या बर्न भागातल्या सानेन खोऱ्यातली शेळी, आणि दुधात जगातल्या पहिल्या नावांपैकी एक. थंड हवा आणि भरपूर सकस चारा मिळाला की ती खरंच तीन-चार लिटर आणि त्याहून जास्तही देते. आपल्या देशातही ती नवीन नाही. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत बीटलशी तिचा संकर करून पाहिला गेला आहे. पण कातडी गोरी, त्यामुळे ऊन बाधतं. उष्णता वाढली की खाणं कमी होतं, आणि खाणं घटलं की दूध घटतं. तिला खुराक, सावली आणि वेळच्या वेळी डॉक्टर हे सगळं लागतं. पहिल्यांदाच शेळी पाळणाऱ्या घराने तिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय बाजारात पांढरी, उभ्या कानांची कुठलीही शेळी सानेन म्हणून दाखवतात. आईबापाची नोंद दाखवता येत नसेल तर सानेनचा भाव देऊ नका.

मग घ्यायची कोणती? माझ्या दावणीला संगमनेरी आणि सुरती दोन्ही आहेत. तुमच्या जागेसाठी मी सुरती सांगेन. सुरत, भरूच, वडोदरा हा तिचा मुलूख. गुजरातच्या सीमेलगत आपल्या खानदेशातही ती सापडते. रंग पांढरा, अंगाने मध्यम, कास मोठी आणि सड हातात नीट येणारे. लांबवर चरायला जायचा तिला कंटाळा असतो आणि हाच तुमच्या कामाचा गुण. ती बांधून खाते, गोठ्यात रमते, माणसाला लवकर सरावते. बरा खुराक दिला तर करडं पाजून लिटर-सव्वा लिटर घराला मिळतं, चांगली निघाली तर त्याहून जास्त. एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यावर, दूध साधारण पाच महिने चालतं.

सुरती मिळाली नाही तर संगमनेरी घ्या. पुणे, नाशिक, अहिल्यानगर हा तिचाच पट्टा, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर बरीच वर्षं काम चालू आहे. दूध सुरतीपेक्षा कमी, अर्धा ते एक लिटर, पण हवापाण्याची तक्रार नाही आणि करडंही विकली जातात. जागा अगदीच थोडी असती, परसात दोनच बांधायच्या असत्या, तर मी बरबरीचाही विचार करायला सांगितलं असतं. आग्रा-मथुरेकडची ही ठेंगणी, उभ्या कानांची, ठिपक्याठिपक्यांची शेळी तिकडे शहरातल्या गल्ल्यांतही बांधून पाळतात. पंजाबची बीटलही दुधाला चांगली, पण मोठ्या अंगाची, खाणं जास्त. आणि लांबून ट्रकमध्ये येते तेव्हा निम्मी ताकद प्रवासातच गेलेली असते.

जात ठरली तरी तुमचं दूध ठरत नाही, कारण एकाच जातीच्या दोन शेळ्यांत दुपटीचा फरक असतो. म्हणून शेळी बाजारात घेऊ नका. बाजाराच्या दिवशी आदल्या संध्याकाळची आणि सकाळची धार न काढताच शेळी आणतात. कास तट्ट फुगलेली दिसते आणि नवा माणूस भुलतो. पाळणाऱ्याच्या घरी जा, संध्याकाळच्या धारेला. तुमच्यासमोर पूर्ण पिळून घ्यायला सांगा आणि मग कासेला हात लावा. दूध निघून गेल्यावर चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ, सुरकुतलेली लागते. धार काढूनही ती तशीच टणक आणि भरलेली लागली, तर ते मांस आहे, दूध नव्हे. बोटांनी दोन्ही बाजू चाचपा. आत गाठ लागली, एक बाजू लहान असली, सडाचं तोंड जाड झालेलं असलं, तर पूर्वी दगडी, म्हणजे कासेची सूज, होऊन गेलेली असते. अशी शेळी कितीही स्वस्तात दिली तरी सोडून द्या. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या किंवा दोऱ्यासारखं काही दिसलं तर दगडी चालू आहे. रात्री करडं वेगळी बांधायला सांगा आणि सकाळी पुन्हा जाऊन मापाने दूध मोजा. यात अर्धा दिवस मोडतो, मालकही जरा कुरकुरतो, पण चांगला पाळणारा नाही म्हणत नाही. जमलं तर तिची आईही पाहून घ्या. आईची कास पुढे लेकीला येते.

घ्यायची ती दुसऱ्या वेताची घ्या. पहिलटकरणीचं खरं दूध कळत नाही आणि चौथ्या-पाचव्यानंतर तुम्हाला फार वर्षं मिळणार नाहीत.

आता किती घ्यायच्या. एकटी शेळी ठेवू नका. ती कळपातलं जनावर आहे, एकटी पडली की दिवसभर ओरडते आणि खाण्यावरून मन उडतं. तुमच्या गरजेला मी तीन सांगते, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. शेळी पाच महिने गाभण असते. व्याल्यावर पहिले काही दिवस चीक आणि पुढचा महिनाभर बहुतेक दूध करडांचंच. महिन्याच्या करडाला दिवसाला अर्धा लिटर तरी लागतं, आणि जुळी असली तर लिटर. त्या महिन्यात घरासाठी हिसकावून घेऊ नका, करडं खुरटतात. महिन्यानंतर करडं कोवळा पाला चघळायला लागली की रात्री वेगळी बांधा, सकाळची धार घरात घ्या आणि दिवसभर करडं आईबरोबर सोडा. अशा रीतीने एका वेतात एका शेळीकडून घराला सुमारे चार महिने दूध मिळतं. तिघींची वेतं चार-चार महिन्यांच्या अंतराने पाडली तर चहा कधी बिनदुधाचा होत नाही. तुमचा दीड लिटर रोज भरेलच असं मी म्हणणार नाही. कधी दोन लिटर, कधी पाऊण, असं चालेल.

वेतं अशी पाडायची तर माज, म्हणजे शेळी बोकडाकडे न्यायची वेळ, ओळखता आला पाहिजे. तो साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो. शेपटी सारखी हलते, ओरडते, दुसरीवर उडते, खाणं कमी होतं. तीन शेळ्यांसाठी बोकड पाळू नका. गावात चांगल्या वळूबोकडाची चौकशी करा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाची सोय आहे का विचारा. बोकड उस्मानाबादी मिळाला तरी हरकत नाही, शेळी व्याली की दूध देणारच. पण होणाऱ्या पाठी, म्हणजे मादी करडं, दुधासाठी ठेवायच्या असतील तर सुरती बोकड शोधाच.

चाऱ्याचं आधी बघा, शेळी नंतर आणा. पस्तीस किलोच्या दुभत्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं आणि किलोभर सुकं लागतं. खुराक, म्हणजे पेंड-भरडा, पाव किलो पोटापुरता, वर दर लिटर दुधामागे साडेतीनशे-चारशे ग्रॅम. नुसतं नेपियर लावून भागत नाही. शेळी गवतापेक्षा पाल्यावर जगते. बांधाला शेवरी, हादगा, शेवगा, सुबाभूळ लावा. सुबाभूळ एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घालू नका. त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकाने केस गळतात आणि जनावर रोडावतं. लसूणघास दोन-तीन गुंठे, पण तुमच्याकडे पावसात पाणी साचून मुळं कुजतील, म्हणून तो पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पेरा. पावसाळ्यासाठी तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट उन्हाळ्यातच भरून ठेवा. ओला कोवळा चारा एकदम खाल्ला की पोट फुगतं, हागवण लागते. सकाळी आधी मूठभर सुकं, मग हिरवं.

गोठा उंचवट्यावर, पावसाच्या दिशेला भिंत आणि बाकी हवा खेळती. शेळीमागे दहा-बारा चौरस फूट छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं अंगण. ओली जमीन ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी अडचण आहे, म्हणून आत लाकडी फळ्यांचा मचाण करा. नव्या शेळ्या आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठेवा. पावसाळ्याआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस आणि जंताचं औषध, आणि पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली नसेल तर तीही. एवढं केलं तर मुळशीचा पाऊस सुरतीला बाधायचं कारण नाही.

प्रश्न : आमची सून बाळंतीण आहे, बाळ पाच महिन्यांचं. तिला दूध कमी येतं. शेळीचं दूध आईच्या दुधासारखंच असतं, हलकं असतं, असं सगळे सांगतात. आमच्या दावणीची शेळी व्यालेली आहे. बाळाला पाजू का? — एक वाचक, येवला

उत्तर : नाही. कृपा करून पाजू नका. शेळीच्या दुधात फोलिक अ‍ॅसिड फारच कमी असतं. एवढं लहान बाळ त्याच्यावर वाढवलं तर रक्त कमी होतं. बाळाच्या नाजूक मूत्रपिंडांना त्यातली प्रथिनं आणि क्षारही जास्त होतात. वर्षाच्या आत शेळीचं काय किंवा गाईचं काय, वरचं दूध आईच्या दुधाच्या जागी देऊ नये. सुनेला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. पुष्कळ वेळा बाळ नीट धरत नाही म्हणून दूध कमी वाटतं आणि धरण्याची पद्धत बदलली की सुटतं. खरंच कमी असेल तर वरचं काय आणि किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

शेळीचं दूध सुनेला द्या. तापवूनच, उकळी येऊन. गावोगाव धारोष्ण प्यायची पद्धत आहे आणि ती मला काळजीत टाकते. ब्रुसेलोसिस हा रोग शेळीकडून माणसाला कच्च्या दुधातून होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि महिनोन्‌महिने कशाने ते कळत नाही. दावणीतली एखादी शेळी दिवस भरायच्या आधीच गाभडली असेल तर तिची तपासणी करून घ्या. पडलेली वार आणि करडू उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा.

आणखी एक सांगते, कारण हे विचारणारी पत्रं सारखी येतात. दूध पचत नाही म्हणजे त्यातली साखर, लॅक्टोज, पचत नाही, असं ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी शेळीच्या दुधावर भरवसा ठेवू नये. त्यातही लॅक्टोज असतंच, गाईच्या दुधापेक्षा जरासं कमी एवढंच. काहींना ते पोटाला हलकं लागतं हे खरं, कारण त्यातले स्निग्धांशाचे कण बारीक असतात.

प्रश्न : घरच्या शेळीच्या दुधाला वास येतो म्हणून मुलं पीत नाहीत. जात बदलली तर वास जाईल का? — एक वाचक, बारामती

उत्तर : जात बदलू नका, आधी बोकड कुठे बांधलाय ते सांगा. तुमच्या पत्रात गोठ्याचं वर्णन आहे, त्यावरून तो शेळ्यांच्या शेजारीच असावा. माजावरच्या बोकडाचा वास अंगाला, हाताला, भांड्याला आणि तिथून दुधाला लागतो. तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब बांधा. बहुतेक घरांत तेवढ्यानेच काम होतं.

दुसरं कारण दुधातच आहे. शेळीच्या दुधात कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही मेदाम्लं असतात. दूध हिंदकळलं, उशिरापर्यंत कोमट राहिलं, की ती सुटी होतात आणि उग्र वास येतो. म्हणून धार काढली की फडक्याने गाळून लगेच तापवा किंवा गार पाण्यात भांडं ठेवून निववा. सकाळच्या गार दुधात संध्याकाळचं कोमट दूध ओतू नका. प्लास्टिकची बादली नको, स्टीलची चरवी घ्या आणि ती गरम पाण्याने धुवा. कास धुऊन पुसून मगच बसा. कांद्याची पात, मेथीची जुडी, मुरघास असं वासाचं काही घालायचं असेल तर धार काढल्यावर. एवढं करून काढलेलं ताजं दूध मी पाहुण्यांना न सांगता दिलंय, कुणी कपाळाला आठी घातलेली नाही.

लोणी निघत नाही अशीही तुमची तक्रार आहे. बारीक कणांमुळे साय जाड धरत नाही, ते दूध तसंच असतं. विरजण लावा, दही थोडं पातळ लागेल पण चवीला सुरेख. पनीरही छान होतं.

प्रश्न : मी कुडाळचा. आमच्याकडे कोकण कन्याळ शेळ्या आहेत. दूध कमी म्हणून सुरती बोकड आणून संकर करावा असं मित्र म्हणतो. — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आधी आपल्याच कळपाकडे नीट पाहा. कोकण कन्याळ तुमच्या जिल्ह्याची शेळी आहे. काळं अंग, तोंडावर पांढरे पट्टे, लांब पाय. सिंधुदुर्गातल्या पावसात आणि चढउतारांवर हिंडायला हेच पाय लागतात. बाहेरच्या बोकडाने दूध पहिल्या पिढीत वाढेलही, पण तीन पिढ्यांनी कळपात ना इकडचं ना तिकडचं असं होतं आणि पावसाळ्यात दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात. माझा सल्ला असा की सगळ्या शेळ्यांची धार एकाच वेळी, एकाच मापाने, पंधरा दिवसांतून एकदा मोजा आणि भिंतीवर लिहा. वर्षभरात कळेल कुणाला करडं पाजून दूध उरतं. तिच्या पाठी ठेवा, तिचा बोकड दुसऱ्या कळपातल्या अशाच आईच्या बोकडाशी बदला, आणि ज्या देत नाहीत त्या विका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात या जातीची माहिती देणारी माणसं आहेत, त्यांना भेटा.

पावसासाठी गोठ्यात मचाण केला असेल तर त्याच्या फळ्यांत लेंडी खाली पडेल पण करडाचा खूर अडकणार नाही एवढीच फट ठेवा. पावसात खूर वाढतात आणि मध्ये कुजतात, ते महिन्या-दीड महिन्याला छाटत जा.

प्रश्न : शेळीचं वय विक्रेता सांगतो ते खरं का, कसं कळेल? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दातांवरून. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, वर हिरडीच असते. सगळे बारीक दुधाचे दात असले तर ती आदत, वर्षाच्या आतबाहेरची. मधले दोन मोठे आले की दोन दाती, वर्ष ते सव्वा-दीड वर्ष. चार मोठे असले तर दोन वर्षांच्या आसपास, सहा असले तर अडीच-तीन, आणि आठही आले की साडेतीन-चार, म्हणजे जुळली. त्यानंतर दातांत फटी पडतात, ते झिजतात, मग पडतात. घरच्या दुधासाठी चार किंवा सहा दाती बघा. दात बघताना घाई करू नका, डाव्या हाताने हनुवटी धरा आणि अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढा. जनावर शांत उभं राहील.